सात अक्षरांच्या ओळी

बी म्वानाशाला कान होता, आणि त्या कानाचा सगळ्या मोहल्ल्याला जाच होता. लग्नघरी कुणी म्हणायला बसलं आणि ओळीत एखादं अक्षर कमी पडलं, की ही बसल्या जागी दाढ ठणकल्यासारखं तोंड करायची. गल्लीतल्या मासेवाल्यालासुद्धा तिनं सोडलं नव्हतं. "अरे, नुसतं 'ताजा बांगडा' म्हण की. 'बांगडा ताजा ताजा' कशाला? दोन अक्षरं फुकट घालवतोस." तो म्हणायचा, "बी, अक्षरं फुकटच आहेत, बांगड्याचे पैसे पडतात."

लोक तिला मानानं 'बी' म्हणत, पण शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. वडील इथलेच, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लामू बेटाचे नकलनवीस. जुनी काव्यं अरबी लिपीत उतरवून द्यायचे. ते लिहायचे आणि ही दौत धरून बसायची. बघून बघून शिकली. नवरा गेल्यावर तेच कामाला आलं. मोहल्ल्यातल्या मुलींना ती काव्यं शिकवायची, आणि लोक आपापल्या नकला तिच्याकडे तपासायला आणून द्यायचे. नक्कल काळ्या शाईची, दुरुस्ती तांबड्या शाईची. म्वानाशाची तांबडी शाई पडली की नक्कल पक्की झाली, असं पार पाटे बेटापर्यंत मानायचे.

सगळ्यांत जास्त नकला व्हायच्या त्या सबुरीच्या काव्याच्या. ते प्रत्येक नवरीच्या पेटीत असतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणा तांडेलाच्या बायकोनं रचलं, स्वतःचं नाव काही त्यात घातलं नाही. एक कडवं घरातलं, पुढचं समुद्रावरचं, असं ते आलटूनपालटून चालतं. घरात बायको म्हणते माझं बरं चाललंय. समुद्रावर नवरा वादळात सापडलेला असतो. चार ओळींचं कडवं, ओळीला आठ अक्षरं. पहिल्या तिन्ही ओळींचं यमक आपसात जुळतं. चौथीचा शेवट मात्र पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत एकच, माळेतल्या दोऱ्यासारखा. एक बाई तीन ओळी म्हणते आणि चौथी बसलेल्या सगळ्याजणी मिळून उचलतात. आठव्या अक्षराची पायरी पायाखाली आली तरच ती उचलता येते. पायरी हुकली की बायकांचा घोळका जिन्यावर ठेचकाळल्यासारखा अडखळतो.

म्वानाशाची एकुलती एक मुलगी झुहुरा सहाव्या वर्षी हे सगळं बोटांवर मोजायची. झोपेतसुद्धा तिची बोटं हलायची. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, पाटे बेटावरच्या आबूदशी. खारफुटीच्या वाशांचा व्यापारी, घर दगडी, माणूस उंचापुरा, आणि कानाचा दगड. लग्नातच त्यानं भलत्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा म्वानाशा हसली होती. म्हणाली होती, "बरंय, पोरीला घरात कुणी चुका काढणारं नको."

त्याला पाच महिने झाले. पहिलं मूल होईपर्यंत मुलीच्या आईनं जावयाचा उंबरा ओलांडायचा नाही, ही तिकडची जुनी रीत. मुलीनं मात्र मधे एकदा माहेरी यायचं असतं. झुहुरा आली नाही. पत्रं यायची, पण ती आबूदच्या हातची: 'झुहुरा मजेत आहे. आमच्या घरात कुणाची पत्रं कुणापासून लपवत नाहीत, म्हणून मीच लिहितो.' म्वानाशा ते पत्र उलटसुलट करून बघायची. तिला एवढंच हवं होतं: पोर बरी आहे की नाही, हे पोरीच्या तोंडून. पाटेला मचवा नेणाऱ्या मादी नावाच्या तांडेलाला तिनं विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "बी, बाकीच्या सुना संध्याकाळी गच्चीवर दिसतात. तुमची नाही दिसली." आणि लगेच, "माझी नजरही आता कुठं धड आहे म्हणा!"

म्हणून विहीणबाईंचा निरोप आला तेव्हा तिला हायसं वाटलं. विहीण म्हणजे बी मुनीरा. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण घरात सबुरीच्या काव्याची देखणी नक्कल असावी ही हौस दांडगी. निरोप होता: सून लिहील, तुम्ही तपासून द्या, जसजशी पानं होतील तसतशी पाठवू. म्वानाशानं मादीला दोन वेळा निरोप म्हणायला लावला. पोरीचं अक्षर तरी बघायला मिळणार होतं.

पहिली तीस कडवी आली. अक्षर सुरेख, ओळी सरळ. म्वानाशानं पानं आधी नाकाला लावली, मग लेखणी तांबड्या शाईत बुडवली. पाचव्या कडव्यालाच तिची दाढ ठणकली. मूळ कडवं असं:

घर माझे थंडगार,
वारा खेळे आरपार,
उघडे राहते दार,
सबुरी सोडू मी कशी.

झुहुरानं तिसरी ओळ लिहिली होती, 'उघडे राही दार'. सातच अक्षरं. पुढे जेवणाच्या कडव्यात 'तृप्त उठे मी जेवून' याऐवजी 'तृप्त उठे जेवून'. पुन्हा सात. तीस कडव्यांत अशा पाच ओळी लंगड्या.

"संसारात पडली आणि बोटं विसरली," म्वानाशा स्वतःशी पुटपुटली. रागापेक्षा लाज जास्त होती: लोक म्हणतील, म्वानाशाची मुलगी, आणि सात अक्षरं! तिनं पाचही ओळी तांबड्यानं नीट केल्या आणि पानाच्या कडेला लिहिलं, 'आठ म्हणजे आठ. लक्ष कुठे आहे?' जावई वाचणार म्हणून याहून जास्त माया तिनं कागदावर ठेवली नाही.

पुढची तीस कडवी महिन्यानं आली. या खेपेला सहा ओळी लंगड्या, आणि भरीला भर म्हणून बुडत्या नवऱ्याचं एक कडवं सलग तीन वेळा उतरवलेलं:

लाट आली फळीवर,
पाणी चढे गळ्यावर,
टाक दोर माझ्यावर,
ओढ मला किनाऱ्याशी.

नकलनवीसांत ही चूक सगळ्यांना ठाऊक असते. नजर वरच्या ओळीवर सरकते आणि हात तेच पुन्हा लिहितो. म्वानाशाच्या वडिलांनाही म्हातारपणी व्हायचं. तिनं दोन कडव्यांवर आडवी तांबडी रेघ मारली, सहा ओळी दुरुस्त केल्या आणि कडेला लिहिलं, 'चुकलेली पानं फाडून टाक आणि मी दिल्याप्रमाणे सगळं पहिल्यापासून स्वच्छ लिही.' सकाळच्या भरतीला मादी पानं घेऊन गेला.

दुपारी शेजारची तातू आली, महामरी म्हणजे गोड फुगीर पुऱ्या तळून विकणारी. अक्षरशत्रू, पण सबुरीचं काव्य उलट्या क्रमानंही म्हणून दाखवील अशी.

"पोरीच्या हातची पानं आलीत म्हणे. ऐकव की."

"गेली परत. आणि तुला काय ऐकवायचं, सगळं पाठ आहे."

"पाठ आहे ते काव्य. पोरगी कुठं पाठ आहे? पानं गेली तरी तुझ्या डोक्यातून काय जाणार आहे? मी माझ्या बहिणीच्या लग्नात एक अक्षर खाल्लं होतं, ते अजून काढतेस."

मग म्वानाशानं तक्रारीच्या सुरात एकेक लंगडी ओळ म्हणून दाखवली. दाराची. जेवणाची. निजण्याची. 'घरधनी बोले गोड' ती. अकराच्या अकरा. तातू सुरुवातीला हसत होती. मग हातातली महामरी तिनं खाली ठेवली.

"म्वानाशा, समुद्रावरची एकही नाही का गं यात?"

"काय एकही नाही?"

"चुकलेली. तू म्हटलीस ती सगळी घरातलीच आहेत."

म्वानाशा उठली आणि चिंचोक्यांचं गाडगं घेऊन आली. साठ कडव्यांचे साठ चिंचोके तिनं चटईवर दोन रांगांत मांडले, वर घर, खाली समुद्र. मग डोळे मिटून कडवं कडवं आठवत गेली आणि ओळ लंगडी असेल तो चिंचोका पुढे सरकवत गेली. खालची रांग शेवटपर्यंत जागची हलली नाही. वादळ, शीड फाटणं, काळोख, तहान, सगळं आठ आठ अक्षरांत ठाकठीक. वरच्या रांगेतून मात्र अकरा चिंचोके पुढे आले होते. जिथे जिथे काव्यातली बाई म्हणते दार उघडं आहे, पोट भरलंय, झोप लागते, नवरा गोड बोलतो, तिथे तिथे झुहुराची ओळ मोडली होती. आणि नेमकं पाणी गळ्याशी आलेलं कडवं तिनं तीनदा लिहिलं होतं.

"नजर सरकली असेल," म्वानाशा म्हणाली.

"कुणाची? तिची?" तातू म्हणाली. "ती पाळण्यात असताना मी एक अक्षर चुकले तर रडायची. बये, तिला सात अक्षरं लिहायला केवढे कष्ट पडले असतील!"

म्वानाशानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटाला सकाळची तांबडी शाई अजून तशीच होती. नवऱ्याला कळणार नाही, सासूला वाचता येणार नाही, आणि आईला मात्र पहिल्या वाचनात दाढ ठणकल्यासारखं कळेल, अशी एकच जागा पोरीनं शोधून काढली होती. आईला कळलंही होतं. आईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं.

"रीत गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "मी आणायला जाते तिला."

पण दक्षिणेचा वारा सुटला होता. मादी गेला तो पाटेलाच अडकला, आणि बाकीचे तांडेल किनाऱ्यावर बसून पाण्याकडे बोट दाखवायचे. ती रोज जायची. "बी, आम्हालाही बायकापोरं आहेत," असं कुणी म्हटलं की पुढच्या तांडेलाकडे जायची. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मादीचा मचवा लागला, फाटक्या शिडानं. तिला बघून तो उतरेचना. मग तिथूनच म्हणाला, "मी निरोप घेऊन परवाच निघालो होतो, बी. लाटेनं माघारी ढकललं."

झुहुराला पुरून चार दिवस झाले होते.

"ताप आला," मादी म्हणाला. "असं ते म्हणतात."

त्याच शिडाला ठिगळ लावून तो तिला घेऊन गेला. उंबरा ओलांडायला आता कुणाची हरकत नव्हती. विहीणबाईंनी गळामिठी घातली, रडल्या, खरंच रडल्या असतील. आबूद ओसरीवर पुरुषांत बसला होता, उठून म्हणाला, "अल्लाची मर्जी." म्वानाशानं घर पाहिलं. भिंतींना चुना होता. वरच्या मजल्यावर झुहुराच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, नवी, लाकूड अजून पांढरं.

दुसऱ्या दिवशी प्रेताला आंघोळ घालणारी म्हातारी तिच्याजवळ येऊन बसली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "मी चाळीस वर्षं हे काम करते. पाणी घातलं की अंगावरचं सगळं दिसतं. तापानं बरगडी मोडत नाही."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"आम्ही सांगत नसतो. तशी शपथच असते आमची." म्हातारीनं तिचा गुडघा दाबला. "पोटात तीन महिन्यांचं होतं. एवढं तुझ्या कानावर असावं म्हणून आले."

सातव्या दिवशी बायकांचं बसणं झालं. आतली खोली भरली, जिनाही भरला. कॉफीचे पेले मांडले होते. पठण संपल्यावर बी मुनीरा म्हणाली, "विहीणबाई, तुमच्यासारखं सबुरीचं काव्य म्हणणारं या किनाऱ्यावर कोण आहे? लेकीसाठी चार कडवी म्हणा. आमच्याही जिवाला थंडावा."

बायका सावरून बसल्या. एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आता अक्षरं नीट मोजा गं, लामूचा कान आहे," आणि बाजूची तिला कोपरानं ढोसून गप्प बसवत म्हणाली, "मेले, ही वेळ आहे का?"

म्वानाशानं म्हणायला सुरुवात केली. पहिली चार कडवी सुरळीत गेली. चौथी ओळ खोलीनं एका आवाजात उचलली. मग ती पाचव्यावर आली.

"घर माझे थंडगार, वारा खेळे आरपार, उघडे राही दार…"

बायकांनी तोंडं उघडली आणि पायरी लागलीच नाही. काही आवाज आधी आले, काही उशिरा, 'सबुरी सोडू मी कशी' चिंध्या होऊन पडलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुःखात आहे बिचारी, चुकली असेल. पुढचं समुद्राचं कडवं नीट गेलं. मग 'तृप्त उठे जेवून'. या वेळी फक्त दोघीतिघींनी चौथी ओळ म्हटली. पुढचं समुद्राचं पुन्हा नीट. निजण्याच्या कडव्यात कुणीच तोंड उघडलं नाही. जिन्यावरच्या एका मुलीची बोटं मांडीवर हलत होती, मोजत होती. 'घरधनी बोले गोड' ही ओळ सात अक्षरांत आली तेव्हा आंघोळ घालणाऱ्या म्हातारीनं पदरानं तोंड झाकलं.

बी मुनीराला वाचता येत नव्हतं, कान मात्र होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही थकलात. ओळी चुकतायत तुमच्या."

"माझ्या नाहीत," म्वानाशा म्हणाली. "तुमच्या सुनेनं जशा लिहिल्या तशा म्हणतेय. तुमच्याच घरासाठी लिहिल्या होत्या तिनं."

मग तिनं बुडत्याचं कडवं घेतलं. एकदा. बायकांनी चौथी ओळ उचलली नाही. तिनं तेच कडवं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा 'टाक दोर माझ्यावर' आल्यावर खोली, जिना, दारातल्या बायका, सगळ्या मिळून म्हणाल्या, "ओढ मला किनाऱ्याशी." आवाज एवढा मोठा होता की बाहेर ओसरीवरचे पुरुष बोलायचे थांबले.

आबूद आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "छान म्हणतात आमच्या सासूबाई." शेजारी बायकोची चप्पल शोधत होता. ती आतून निघाली होती.

एकेक करून सगळ्या निघाल्या. कॉफी कुणीही घेतली नाही. दुखवट्याच्या घरी भरलेला पेला तसाच ठेवून जाणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं, हे त्या बेटावर लहान मुलालाही सांगावं लागत नाही. बी मुनीरा पेल्यांच्या रांगेमधे उभी होती. पेले भरलेले, एकाचीही साय मोडलेली नव्हती. आबूदला कुणी शिक्षा केली नाही. शपथ घेऊन सांगणारं कुणी नव्हतं, आणि काजीसमोर अक्षरं मोजत नाहीत. फक्त पुढे त्या बेटावर कुणी त्याला मुलगी दिली नाही, एवढंच.

संध्याकाळी म्वानाशा निघाली, तेव्हा विहीणबाईंनी दारातून फडक्याचं एक गाठोडं तिच्या हातावर जवळजवळ फेकलं. "घेऊन जा. नको आम्हाला ते. शेवटचे पाच दिवस तेच करत बसली होती."

ते तिनं मचव्यात सोडलं. साठ कडवी, नव्या कागदावर, स्वच्छ. फाडून टाक म्हटलेली पानं झुहुरानं फाडली होती आणि आईनं दिल्याप्रमाणे पहिल्यापासून लिहून काढलं होतं. 'उघडे राहते दार.' आठ. 'तृप्त उठे मी जेवून.' आठ. दोराचं कडवं एकदाच. मुलीच्या लेखी आईला ऐकू गेलं, आणि आईनं उत्तर पाठवलं की दार उघडंच आहे असं लिही, पोट भरलंय असं लिही. मुलीनं तसं लिहिलं होतं. अक्षर कुठेही थरथरलेलं नव्हतं.

म्वानाशानं मांडीवर पानं धरून बोटांनी मोजलं. साठ कडवी, दोनशे चाळीस ओळी. एकही कमी भरेना. तिनं पुन्हा पहिल्या पानापासून धरलं.

"बी, पानं भिजतायत, आत घ्या!" मादी सुकाणूवरून ओरडला.

ती तिसऱ्यांदा मोजत होती. कुठेतरी एखादी ओळ सात अक्षरांची निघेल, म्हणून.